ओढ्याकाठची चूल

खणलेल्या चरात उतरण्याआधी आमचे ओव्हरसियर वहाणा काढून काठावर ठेवत. कुणी हसलं की म्हणत, "आधी पायाला कळू दे की." पायाला काय कळे ते देव जाणे, बहुतेक वेळा काटाच कळे. मग काठावर बसून ते टाचेतला काटा काढत आणि तेवढ्याच खुशीत पुन्हा अनवाणी उतरत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ज्यांची खोड मोडावी असं कुणालाच वाटत नाही.

गृहस्थ कोल्हापूरकडचे. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हा ते मालवणजवळच्या एका वाडीत नळाच्या कामावर आले. मी त्याच कामावर कारकून होतो. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी वाडीत आणायचं होतं. शिमगा सरला की वाडीतल्या विहिरी खारट होत आणि बायका डोंगर चढून कळशा भरून आणत. चर कुठवर आला हे पाहायला एक म्हातारी रोज यायची. सगळी वाडी तिला आये म्हणे, ओव्हरसियरही म्हणत. ती त्यांना 'साहेबानू' म्हणायची, पण दटावायची पोटच्या पोरासारखं.

चर ओढ्याकाठच्या चिखलात पोचला आणि कुदळी खणखणू लागल्या. माती काळीकुट्ट, कोळशाने भरलेली. तिच्यात भाजून तडकलेल्या दगडांचा मोठा ढीग. गडी हात झाडून बाजूला झाले. आये पुढे आली, वाकून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"साहेबानू, ह्या मसाण आसा. हयसून येतला ता पाणी आमी पिवचव नाय."

काम थांबलं. वरच्या साहेबांचं म्हणणं, दगड उपसून टाका आणि सरळ पुढे चला. ओव्हरसियर म्हणाले, "नळ उद्या पण घालता येतो. हे एकदा उचललं की गेलं." त्यांनी पुण्याला जुन्या वस्तूंच्या संशोधकांना कळवलं आणि उत्तराची वाट पाहत ढिगाशेजारी छत्री उघडून बसून राहिले. बायका डोंगर चढतच होत्या. त्या समोरून गेल्या की हे खाली मान घालत.

पुण्याहून एक संशोधक बाई आल्या. त्यांनी हलक्या हाताने चिखल काढला, तेव्हा ढिगाखाली फळ्या बसवलेली एक लांबट कुंडी निघाली.

"मसणात हाडं सापडली असती," बाई म्हणाल्या. "इथे एकही नाही. आयर्लंड नावाचं बेट आहे, तिथे ओढ्याकाठी असे ढीग पुष्कळ सापडतात. लोक दगड तापवून कुंडीतल्या पाण्यात टाकत आणि पाणी उकळत. इथेही तसंच असावं. किती जुनं, ते मात्र आत्ता सांगता येणार नाही."

आयेचा विश्वास बसेना. "दगडान पाणी कढता? माका करून दाखया."

ओव्हरसियरांचे डोळेच चमकले. दुसऱ्या दिवशी त्यांनी थोडं लांब खड्डा खणवला, फळ्या बसवल्या, पाणी भरलं. लाकडं पेटवून त्यात दगड लाल केले. पहिलाच दगड आगीत फटाक्यासारखा फुटला. सगळी वाडी पळाली, ओव्हरसियर सर्वांत पुढे. मग परत येऊन, हसत हसत, ते फावड्याने एकेक दगड पाण्यात सोडू लागले. चर्र! वाफ उठली. पाणी खदखदू लागलं, तेव्हा आयेनेच फडक्यात बांधून आणलेले करांद्याचे कंद आत सोडले.

शिजल्यावर पहिला तिने सोलला. सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते.

"शिजलो," ती म्हणाली. मग ढिगाकडे वळली. "मसाण न्हय गो ह्या. कोणाची तरी चूल आसा."

वाडीने तिथे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा म्हाराजा, तुझी चूल आमी मोडूक नाय. तुझ्या दारातसून पाणी नेतंव, सांभाळ कर!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. ओव्हरसियर सर्वांत मोठ्याने आणि दर वेळी थोडे उशिरा.

नळ ढिगाला वळसा घालून गेला. त्याबद्दल त्यांना वरून बोलणी खावी लागली. ती त्यांनी आम्हाला नक्कल करून ऐकवली. पाणी वाडीत आलं त्याआधीच त्यांची बदली झाली होती.

पुढे एकदा कुडाळच्या एसटी स्टँडवर ते मला भेटले. केस पिकलेले, हसणं तेच.

"पाणी येतं?"

"येतं. आये म्हणते, गोड आहे."

"आणि ढीग?"

"वर गवत वाढलंय. म्हशी बसतात."

"बसू देत की," ते समाधानाने म्हणाले आणि गाडीत चढले.

गाडी सुटली. मी हात वर केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. शेजारच्या बाईची लहानगी मांडीवर घेऊन ते तिला खिडकीबाहेर बोटाने काहीतरी दाखवत होते. मी वळून पाहिलं. मला तिकडे नुसतं शेत दिसलं. ती मुलगी मात्र टाळ्या वाजवत होती.