परातीतला समुद्र

नागपुरातून समुद्राकडे कोणत्याही दिशेने निघा, रात्रभर गाडीत बसल्याशिवाय तो दिसत नाही. तरी माझ्या थोरल्या भावाने पीएचडीला समुद्रच घेतला, आणि तोही हजारो वर्षांपूर्वीचा.

दादाचं म्हणणं असं. समुद्रात खसखशीहून बारीक जीव असतात. ते मेले की त्यांचे शिंपले तळाशी बसतात, थरावर थर. त्यांतल्या एका जातीच्या शिंपल्यांचा पीळ थंड पाण्यात डावीकडे वळतो, उबदार पाण्यात उजवीकडे. खालच्या थरापासून वरपर्यंत डावे-उजवे मोजत गेलं की समुद्र कधी तापू लागला ते कळतं. मला त्याने हे इतकं समजावलं, की गांधीबागेतल्या दुकानात मी लुगडी दाखवता दाखवता गिऱ्हाइकांना समुद्र सांगू लागलो. शेवटी मालकाने हात जोडले.

कुठल्याशा जहाजाने तळात नळी खुपसून काढलेल्या गाळाचा उरलासुरला वाटा दादाच्या सरांनी ओळखीने मिळवला होता. पुन्हा मिळण्यातला तो नव्हता. प्रबंध झाला तर कॉलेजात नोकरी, नोकरी लागली तर लग्न. मुलीकडचे थांबले होते, पण एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात विद्यापीठाच्या विभागातली गाळ वाळवायची भट्टी बिघडली. मग दादाने एकेक थर घरीच बारीक चाळणीत धुतला आणि चाळणीत उरलेली पांढरी रेती मांजरपाटाच्या तुकड्यांवर गच्चीत वाळत घातली. तुकडे माझ्या दुकानातले. विज्ञानाला माझी मदत एवढीच. प्रत्येक तुकड्याशी दगडाखाली चिठ्ठी, हा कोणता थर. शेजारी आईच्या कुरडया.

"काहून रे, समुद्राची माती धुऊन राहिला," आई म्हणाली, "अन् अंगातला सदरा कोण धुईन?"

"माय, या मातीवर माही नोकरी आहे."

 त्यानंतर आई त्या तुकड्यांवरून पाय उचलून टाकायला लागली.

दुसऱ्या दुपारी दादा विभागात गेला आणि आंधी उठली. आकाश विटकरी झालं. मी गच्चीतली गादी वाचवायला धावलो आणि गादीसकट जिन्यात अडकलो. आई मला ढकलून वर गेली. वाळवण गोळा करण्यात गल्लीत तिचा हात धरणारी कोणी नव्हती. पण त्या दिवशी तिने कुरडयांकडे पाहिलंही नाही. तुकड्याची चार टोकं धरायची, रेती परातीत ओतायची, फडकं झटकायचं, पुढचं उचलायचं. कुरडया शेजाऱ्यांच्या कौलांवर गेल्या. चिठ्ठ्याही.

संध्याकाळी दादा आला तेव्हा ती पदराखाली परात धरून दारातच उभी.

"घे बाबू. एक कण उडू नाही देला."

दादाने परातीत पाहिलं.

"सगळं एकातच?"

"मंग? घरात पराती आहेतच किती?"

"बरं केलं, माय," तो म्हणाला.

मागे विहिरीपाशी मी त्याला म्हटलं, "निवडून काढू ना दादा. मीही बसतो."

"गव्हातून गहू कसे निवडशील रे?"

सरांनी पुन्हा गाळ मागून पाहिला. उत्तर नकाराचं आलं. शिष्यवृत्ती संपली. मुलीकडच्यांनी दुसरा पाय उचलला. दादा कोळसा खाणीच्या ऑफिसात नमुने तपासायला लागला; कोळसा किती जळतो, राख किती उरते. त्याने पुन्हा लग्नाचा विषय काढू दिला नाही. घरात तो कोणावर चिडत नसे, आणि त्या न चिडण्याचीच आम्हाला भीती वाटे. ती रेती आईने लोणच्याच्या बरणीत भरून फळीवर ठेवली. पाहुणे आले की दाखवायची. तेवढ्यात दादा चप्पल घालून बाहेर जायचा. आईला कोणी काही सांगितलं नाही. दादाने सांगू दिलं नाही.

आई शेवटच्या आजारात होती तेव्हा तो पाय दाबत बसला होता. ती एकदम म्हणाली, "तुह्या त्या मातीतून काय निघालं रे? समुद्र गरम झाला होता का?"

दादाचे हात थांबले. मी भिंतीकडे पाहू लागलो.

"झाला होता, माय."

"कधी?"

"लय पहिले."

"मंग बरं झालं," ती म्हणाली. "मी त्या दिवशी कुरडया सोडल्या होत्या."

दादा पुन्हा पाय दाबू लागला.