व्हिडिओवर हात कसा ठेवू?

कपडे धुण्याचं मशीन घ्यायचं ठरलं त्या रविवारी आप्पा सकाळी सातलाच इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर तयार. दुकान उघडणार साडेदहाला. "अवो, लग्नाला निघालाय व्हय?" आई ओरडली. आमच्या घरात सगळेच ओरडून बोलतात. ते भांडण नसतं, सवय असते. आप्पांनी इचलकरंजीत तीस वर्षं जॉबर म्हणून बिघडलेले माग दुरुस्त केले आणि त्या खडखडाटात कान घालवून बसले. कानाचं यंत्र आणून दिलंय, ते कपाटात असतं.

आता दोघं माझ्याकडे कोल्हापुरात राहतात. महिन्यापूर्वी डॉक्टरांनी आईच्या उजव्या मनगटाला पट्टा बांधला आणि बजावलं, घासायचं नाही, पिळायचं नाही. मी म्हटलं, धुण्याला बाई लावू. "माझं हात मोडल्यात व्हय?" आई फणकारली. तेव्हा आप्पांनी भाकरी मोडता मोडता जाहीर केलं, "मशीन आणू. धुणं मी करणार. तीस वर्षं माझं तेलकट कपडं बडवलंस, आता बास."

मला तर ताटावरून उठून नाचावंसं वाटलं! आईचा चेहरा मात्र पडला. "लोक काय म्हणतील? आणि ते मशीन धुणं झाल्यावर शिट्टी मारतंय म्हणं. तुमास्नी ऐकू येणार हाय व्हय?" मला पक्कं ठाऊक होतं, आप्पांना हे एकट्यानं जमलं नाही तर आठवड्याच्या आत आई पट्टा काढून धुण्याच्या दगडावर बसणार. मशीन काय, झाकण घालून शोभेला राहील.

पाडवा तोंडावर आला होता. राजारामपुरीतल्या त्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. नव्या वस्तूंचं दुकान म्हटलं की मला काय होतं कोण जाणे, जो दिसेल तो फ्रीज उघडून बघते. आईनं चार मिक्सरांची झाकणं काढून परत लावली. आप्पा मात्र कुठेही न रेंगाळता सरळ मशिनांच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

टाय लावलेला सेल्समन आला आणि फक्त माझ्याशीच बोलायला लागला. "मॅडम, हे मॉडेल बघा, आवाज अजिबात नाही." मी म्हटलं, मशीन आप्पा वापरणार आहेत. तो हसला. "काकांना काय जमायचं हो! काकूंना दाखवतो." माझं टाळकंच सरकलं. काही बोलणार तेवढ्यात आईनं बटणं समजूनसुद्धा घेतली. "ह्यानं पाणी, ह्यानं कपडं किती मळक्यात ते, ह्यानं सुरू. त्यात काय एवढं!" दोन मिनिटं लागली नसतील.

"चालू करून दावा," आप्पा म्हणाले.

"काका, मोबाईलवर व्हिडिओ आहे की."

"व्हिडिओवर हात कसा ठेवू?"

आजूबाजूचे खो खो हसले. मी नाही हसले. मागाच्या कारखान्यात खडखडाटापुढं कानाला काही कळत नसतं, तिथं आप्पा हात लावूनच बिघाड ओळखायचे. लहानपणी डबा द्यायला गेले की मी ते बघितलेलं. मी सेल्समनला सांगितलं, "पावणं, तुम्ही पिन लावा. नाहीतर आम्ही शेजारच्या दुकानात चाललो."

त्यानं पिन लावली, नुसतं पिळायचं चक्र सुरू केलं. आप्पांनी घड्याळ काढून माझ्याकडे दिलं, झाकणावर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. "एक पाय अधांतरी हाय." सेल्समन वाकला. खरंच एका पायाखाली बोटभर फट! त्यानंतर तो काका सोडून माझ्याशी एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या मशिनावर आप्पांनी मान हलवली. "हे मुकं हाय. चालू का बंद, काय कळत न्हाय." तिसऱ्यावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा असा खुलला म्हणता! "हे बोलतंय!" एवढ्या मोठ्यानं ओरडले की पार टीव्हीपाशी उभी असलेली माणसं वळून बघायला लागली.

"काका, ह्याचा आवाज जरा जास्त आहे हं," सेल्समन म्हणाला. मी म्हटलं, "असू दे की. आम्ही मागावरची माणसं."

दुसऱ्या दिवशी मशीन आलं. आईनं हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. आप्पांनी कपडे घातले, बटणं दाबली, स्टूल ओढून बसले आणि झाकणावर हात ठेवला. पाऊण तास ना चहा, ना पेपर. आई दारात उभी. "शिट्टी झाली की मी सांगीन," असं तिनं तीनदा बजावलं.

आप्पांनी हात उचलला. "झालं."

"कुठं झालं? अजून शिट्टी..." आईचं वाक्य पुरं व्हायच्या आत मशीन वाजलं! मी अशी किंचाळले की खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली.

आप्पा बादली घेऊन गच्चीवर गेले. मागोमाग आम्ही दोघी. ते आईची हिरवी साडी झटकून दोरीवर घालत होते, तेवढ्यात समोरच्या गच्चीवरून शेजारीण हसत ओरडली, "काय ओ मावशी, आता मालकांनाच धुण्याला लावलंय व्हय?"

याच बोलण्याची आईला धास्ती होती.

आईनं पट्ट्याचा हात कमरेवर ठेवला. "मग! मला कुठलं जमतंय ते मशीन! लई अवघड हाय. त्यास्नीच कळतंय त्यातलं!"

आप्पा आमच्याकडे पाठ करून साडीला चिमटे लावत होते. त्यांना काहीच ऐकू गेलं नव्हतं. मी जवळ जाऊन आईचं बोलणं शब्द न् शब्द त्यांच्या कानात ओरडून सांगितलं.

"खोटं बोलतीया," आप्पा म्हणाले आणि माझ्याकडे पुढचा चिमटा मागितला.