मोडेमचं सेटिंग आणि बोट नंबर दोन

माझी पोस्टिंग पूर-बचाव पलटणीत होती, भिलाईच्या कंट्रोल रूममध्ये. तेव्हा भिलाई मध्य प्रदेशात होतं. मी सैनिक, वायरलेसवर. शिक्षण चौथी. चारचौघांत तोंड उघडत नसे. सेटवर मात्र आवाज निघायचा.

वरच्या बांधाचे संदेश मोडेमवर यायचे, दुसरी सोय नव्हती. मोडेम म्हणजे फोनच्या तारेवरून दोन कॉम्प्युटरांना बोलायला लावणारा डबा. तो लान्स नायक धनराज सांभाळायचा. म्हणायचा, "ताई, हे कदमताल आहे. तिकडचा अन् इकडचा पाय एकच पडला पायजे." सेटिंग त्याने माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं: स्पीड चोवीसशे; सात, ई, एक. यातलं एकही चुकलं तर स्क्रीनवर अक्षरांचा कचरा.

शिवनाथ नदीला पूर आला, माणसं कमी पडली. धनराजला बोट नंबर दोनवर पाठवलं. त्याच सकाळी कॉम्प्युटरच्या बाबूंनी नवं सॉफ्टवेअर टाकलं.

१४२० ला बांधाचा संदेश आला. स्क्रीनवर नुसता कचरा. बाबू मोडेमवरून पुन्हा पुन्हा फोन लावत राहिले.

"बाबूजी, सेटिंग जुळून नाही राहिलं. नव्यात आठ दिसते. सात पायजे."

"तू वायरलेस पाह्य. मोठी आली चौथी पास इंजिनियर!"

१५०५ ला मी त्यांच्या खुर्चीला हात घातला. "उठा." ते ओरडले. मी बसले. एका बोटाने आकडे बदलले, मोडेम परत लावला.

१५१२ ला अक्षरं आली. बांधाचे गेट उघडले, पाणी तीन वाजता पुलाशी, बोटी काढा.

"बोट एक, बोट दोन. ताबडतोब काठाला या. ओव्हर."

"बोट एक. दोन नंबर पलटली, दहा मिनिटं झाली. माणसं काढून राहिलो. ओव्हर."

बोट दोनमध्ये चार गावकरी होते. धनराजने एकेकाला ओढत नेऊन झाडाला धरवलं. चौघं वाचले. त्याचा देह दुसऱ्या दिवशी सापडला.

आठवड्याने बाबूंनी कागद पुढे केला. परतीचा हुकूम मिळूनही धनराज थांबला, असं त्यात होतं. खाली माझ्या सहीची जागा.

"कर सही. तुले वाचता तरी येते का?"

"येते. म्हणूनच नाही करत."

तीनदा बोलावलं. वायरलेसवरून काढून ऑफिसच्या गेटवर पहाऱ्याला उभं केलं. मी उभी राहिले. जबाब स्वतःच्या हाताने लिहून दिला. तो फाडला असेल, म्हणून इथे परत लिहिते. मी १४२० लाच उठायला हवं होतं, तेही लिहिते.

बोट पलटली १५०३ ला. हुकूम मी दिला १५१३ ला. लान्स नायक धनराजने हुकूम मोडला नाही.