भजनाचं सख्खं भावंड

आमच्या साडूंइतका शब्दांना भिणारा माणूस महाड-पोलादपूरच्या खोऱ्यात दुसरा सापडायचा नाही. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलं, त्याचा हा परिणाम. लोक सोयरीक जुळवताना कूळ बघतात, हे शब्द तोंडातून काढताना बघतात. माझ्या बायकोनं कंबर दुखते म्हणून 'वेदना' शब्द काढला, तर म्हणाले, "वेद आणि वेदना, दोन्ही विद् धातूचे. विद् म्हणजे जाणणं. एकाला ज्ञान मिळालं, दुसरीला तुझी कंबर." एका लग्नात कुणी नवरीला 'मुग्ध' म्हटलं. यांनी भर मांडवात काळजीच्या सुरात सांगितलं की मुग्ध आणि मूढ सख्खी भावंडं आहेत, जरा जपा. तेव्हापासून त्या घरची पत्रिका आम्हालाही येत नाही.

गेल्या श्रावणात त्यांच्या धाकट्या भावाचा मुंबईहून फोन आला. उमरठकडच्या त्यांच्या वाडीत भावानं शेजारीच नवं घर बांधलंय. "दादा, यंदा माझा गणपती माझ्या घरात. पोरांची लय हौस हाय." झालं! त्यांच्यात चुली वेगळ्या झाल्या, शेतं वाटली गेली, पण गणपती मात्र थोरल्या घरातला एकच, आजोबांच्याही आधीपासून. साडू पहिल्या एस्टीनं महाडला माझ्याकडे हजर. चहा निवला तरी कपाला हात लागेना. "भजन आणि विभाजन एकाच भज् मधून आलेत हो. भज् म्हणजे वाटून घेणं. एकत्र बसून घेतलं तर भजन. पण हा धातू कधी विभाजनाकडे वळेल, नेम नाही." मी म्हटलं, "बरंय की, मोदक दोन घरी मिळतील." ते हसले नाहीत. मला माझाच राग आला.

चतुर्थीला मी वाडीवर गेलो. नव्या घरात पाहुणे दाटलेले आणि भाऊ टाळ हातात घेऊन नुसताच उभा. साडू टोपी घालून अंगण ओलांडून गेले. "दादा, तूच चालू कर," भाऊ म्हणाला, "मला सुरुवात जमत नाय." साडूंनी खणखणीत आरती म्हटली. एरवी दर कडव्याला थांबून व्युत्पत्ती सांगणारा माणूस, त्या दिवशी एकाही शब्दाला अडला नाही.

मग थोरल्या घरची आरती. तिकडे पाहुण्यांची पानं मांडली जात होती. इकडे साडू, माझी मेव्हणी आणि मी, एवढेच. निरांजन लावून साडू अंगणाकडे बघत राहिले.

"बोलावून आणू का त्यांना?" मी विचारलं.

"नको. आपल्याच घरात यायला कधी बोलावणं लागतं का?"

वात विझायला आली, तेव्हा त्यांनी हलक्या आवाजात आरती सुरू केली.