मापाची बंदूक

मिल बंद पडली त्या वर्षी मी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक बनवणाऱ्याच्या दुकानाची पायरी चढलो आणि पहिल्याच वाक्यात स्वतःची शोभा करून घेतली. इंदूरच्या बड्या गणपतीच्या मागच्या गल्लीत एका ओटल्यावर एक म्हातारे उस्ताद कानशीने काहीतरी घासत बसले होते. मी छाती पुढे काढून म्हणालो, "उस्ताद, एक शिकारी रायफल बनवानी है."

त्यांनी परवाना मागितला, चष्मा कपाळावर चढवून तो अगदी डोळ्याशी धरून वाचला आणि शेजारी बसलेल्या गिऱ्हाइकालाही ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "भिया, लायसन बारा बोर एकनाली का है. और शिकार बंद हुए जमाना हो गया. शेर से कोई पुरानी दुश्मनी है क्या?"

वाघाशी माझं काहीच वाकडं नव्हतं. मला फक्त नोकरी हवी होती. ते दिवसच तसे होते. इकडे मिलच्या फाटकांना कुलपं लागत होती आणि तिकडे सांवेर रोडला रोज नवी पाटी लटकत होती. तिथल्या एका नव्या सोयाबीन तेलाच्या कारखान्याला गनमॅन पाहिजे होता, पण बंदूक ज्याची त्याने आणायची. मी एकोणीस वर्षं मिलच्या घडीखात्यात कापड तपासलेलं. तुटका धागा, सुटलेली वीण, तेलाचा डाग एवढंच मला कळत होतं, आणि हे कळणाऱ्या माणसाची आता इंदूरमध्ये कुणालाच गरज उरली नव्हती. वय बेचाळीस, घरात दोन मुली. हा कारखाना हातचा गेला तर दुसरा कुठला दिसत नव्हता.

कारखान्याचा पत्ता आणला तो सासऱ्यांनी. त्यांना मी मामा म्हणतो. मामा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन महूला राहत होते, आणि कारखान्याचे सुरक्षा अधिकारी त्यांच्याच पलटणीतले जुने सुभेदार निघाले. मामांनी त्यांना छातीठोकपणे सांगून टाकलं, की आमचे जावई एनसीसीतले नेमबाज आहेत.

यात मामांची काही चूक नाही. ही थाप माझीच, आणि चांगली बारा वर्षांची मुरलेली. मुलगी बघायला गेलो तेव्हा ज्या घरात आजोबा, वडील, काका सगळे फौजी, तिथे मी कापडाच्या विणीबद्दल किती बोलणार? म्हणून एनसीसीचा विषय काढला. मी नेमबाजी केली होती हे खरं. एकदा केली, पाच गोळ्या. माझा कागद कोराच राहिला, आणि शेजारच्या मुलाला पाच गोळ्यांत सात भोकं मिळाली म्हणून त्याची पाठ थोपटली गेली. यातलं पुढचं मी सासरी सांगितलं नव्हतं.

सुभेदारसाहेबांनी अट घातली: नवी बंदूक घेऊन या, तीस पावलांवर डबा ठेवू, तीनपैकी दोन बार लागले तर नोकरी.

बाजारात तयार बंदुका मिळत होत्या. पण माझे हात आखूड. दुकानातली कुठलीही बंदूक खांद्याला लावली की बोट घोड्यापर्यंत पोहोचता पोहोचता मान बगळ्यासारखी लांब व्हायची. मामांनी निकाल दिला, "जावईबुवा, बूट आणि बंदूक दुसऱ्याच्या मापाची घालू नये." नोकरीत असताना शिकारीचा शौक असलेल्या एका साहेबाची बंदूक मापं घेऊन बनताना त्यांनी पाहिली होती. तेच हे उस्ताद, किंवा त्यांचे वडील, याबद्दल मामांचं नक्की नव्हतं. आता गिऱ्हाईक म्हणून उस्तादांकडे यायचे ते रखवालदार आणि रानडुकरांनी पिडलेले शेतकरी. नळी कारखान्यातून यायची, पण लाकडी दस्ता ते अजूनही माणसाच्या अंगावर बेतून कोरायचे.

माप द्यायला मी आणि मामा बरोबर गेलो. आमच्या आधीचं गिऱ्हाईक म्हणजे देवासकडचा एक शेतकरी. उस्तादांनी त्याचा दंड, कोपर, खांद्यापासून गालापर्यंतचं अंतर असं सगळं फितीने मोजलं. मग त्याच्यासमोर चार पावलांवर उभे राहून म्हणाले, दोन्ही डोळे उघडे ठेव आणि बोट माझ्या नाकावर रोख. शेतकऱ्याने रोखलं. त्याचं बोट बरोबर त्याच्या उजव्या डोळ्यासमोर आलं होतं. उस्ताद मान हलवून म्हणाले, "दाहिनी." बंदूक कोणत्या डोळ्याची बनवायची हे ते असं ठरवत. माणूस ज्या डोळ्याने निशाण धरतो त्या डोळ्यासमोर त्याचं बोट आपोआप जातं.

हे पाहून मी एक पाऊल मामांच्या मागे सरकलो. कारण माझा कामाचा डोळा कोणता, हे मला पक्कं ठाऊक होतं. घडीखात्यात धागे मोजायला एक छोटं भिंग असतं. ते कापडावर ठेवायचं आणि डोळा लावून एका इंचात किती धागे बसले ते मोजायचं. एकोणीस वर्षं मी ते भिंग डाव्या डोळ्याला लावलं होतं आणि उजवा मिटून ठेवला होता. उजव्याला पेन्शन तेव्हाच लागली होती म्हणा ना.

आता मी उजव्या हाताचा माणूस. डोळा डावा निघाला तर मामा म्हणणार, हा कसला नेमबाज? आणि सुभेदारांच्या कानावर गेलं तर बंदूक बनायच्या आधीच नोकरी गेली. शाळेपासून माझी एक सवय आहे. पुढच्याचं उत्तर बरोबर आलं की आपण तेच लिहायचं. उस्ताद माझ्यासमोर उभे राहिले, मी बोट वर केलं आणि ते अलगद उजव्या डोळ्यासमोर नेऊन ठेवलं.

उस्ताद क्षणभर बघत राहिले. एकदा मामांकडे पाहिलं. मग म्हणाले, "ठीक है," आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी पास झालो या आनंदात मामांना जिलबी खाऊ घातली.

पुढचे दोन महिने मी रोज खोटं बोलल्याची फळं भोगली. परवान्यावर बंदूक चढवून घ्यायची मुदत जवळ येत होती, सुभेदारांचा मामांना निरोपावर निरोप. आणि मी मधल्या खोलीत दार लावून बायकोची छत्री खांद्याला लावायचो, दोन्ही डोळे उघडे ठेवून उजव्याने कॅलेंडरवरच्या बुद्धमूर्तीच्या शेजारी चिकटवलेल्या टिकलीवर रोखायचो. टिकली मला दोन दिसायच्या. कोणती खरी हे काही ठरवता येईना. धाकटी मुलगी एकदा दारातून डोकावली आणि आईला सांगत गेली, की बाबा छत्रीला ओरडतायत.

शेवटी निरोप आला. बंदूक कच्ची तयार आहे, चालवून बघायला या. शिंपी जशी आधी कच्ची टीप घालून अंगरखा अंगावर बघतो तसे उस्ताद दस्ता अर्धा कोरून, पॉलिश न करता, आधी माणसाच्या हातात देत आणि मग पुरा करत. चाचणीची त्यांची ठरलेली जागा शहराबाहेर एका मातीच्या उंच बांधापाशी होती. सकाळची वेळ, मी, मामा आणि उस्ताद. बांधाला एक मोठा कागद टाचून मधोमध कोळशाने वाटीएवढं वर्तुळ काढलेलं.

पहिला बार मारला. कागदाच्या डावीकडची माती उडाली. दुसरा मारला, पुन्हा तिथेच. तिसऱ्याला मी श्वास धरला, मनात घरच्या सगळ्यांची आठवण केली, आणि डावीकडच्या एका बिचाऱ्या रुईच्या झाडाची पानं गळाली. कागद तसाच कोरा. आठ दिवसांनी सुभेदारांसमोर हेच होणार हे मला तिथे उभ्या उभ्या स्वच्छ दिसलं.

मामा कागदापर्यंत चालत गेले, परत आले. त्यांचा चेहरा इतका कडक मी फार थोड्या वेळा पाहिलाय. ते उस्तादांना म्हणाले, "नली टेढी है, उस्ताद. हमारे जवाई का निशाना ऐसा नहीं है."

उस्ताद कारागीर माणूस, आख्खा जन्म या कामात गेलेला. कुणी नळी वाकडी म्हणावं म्हणजे गवयाला बेसूर म्हणण्यासारखं. मला वाटलं, आता हे चिडणार आणि माझं पितळ उघडं पाडणार. त्यांनी बंदूक माझ्या हातातून घेतली, नळीतून आकाशाकडे पाहिलं. माझ्याकडे मात्र बघितलं नाही. मग हळूच म्हणाले, "हो सकता है, हवलदार साब. उमर हो गई, हाथ चूक जाता है. मैं देख लूँगा."

म्हणजे या माणसाला माहीत होतं. आणि माझी अब्रू सासऱ्यांसमोर जाऊ नये म्हणून तो आपल्या हाताला दोष लावून घेत होता.

थापा मारायला मी कधी कचरलो नाही, पण त्या थापेची किंमत अशी दुसऱ्याने चुकवायची हे काही मला बघवेना. मी म्हणालो, "मामा, नळी सरळ आहे. वाकडा मीच आहे." आणि सुरुवात झाल्यावर थांबता येईना. भिंग, डावा डोळा, उस्तादांसमोर सरकवलेलं बोट, एनसीसीतला शेजारच्याचा कागद, छत्री, सगळं सांगून टाकलं. सांगून झाल्यावर मान खाली घालून उभा राहिलो.

मामा एका दगडावर बसले. म्हणाले, "सात भोकं?"

"हो."

"आणि तुम्ही हे बारा वर्षं पोटात ठेवलंत." त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं चिडलेत. पण ते हसत होते, डोळ्याला पाणी येईपर्यंत. "अरे, मग डाव्या खांद्याला लाव ना. बघतोस काय?" बारा वर्षांत मामांनी मला पहिल्यांदा अरे म्हटलं, आणि खरं सांगतो, जावईबुवापेक्षा ते कितीतरी बरं वाटलं.

उजव्या डोळ्याचा दस्ता किंचित उजवीकडे वळवतात, डाव्याचा डावीकडे. म्हणून मी उस्तादांना विचारलं, आता हे लाकूड वाया गेलं का? त्यांनी दस्त्याची गालाकडची बाजू मला दाखवली. तिथे दोन्हीकडे लाकूड जाडच ठेवलेलं, कुठेच वळण दिलेलं नव्हतं.

"भिया, तुम्हारी उँगली पहले बायीं आँख पे आई थी, फिर सरकी," ते म्हणाले. "मैंने बही में आँख लिखी ही नहीं. ससुरजी खड़े थे, तो पूछा नहीं."

मग पिशवीतून पटाशी काढून त्यांनी तिथेच मातीत बसून गालाखालची चार-सहा शकलं उडवली, माझ्या डाव्या खांद्याला बंदूक लावून पाहिली, पुन्हा दोन शकलं काढली. हात उलटे धरायचे म्हणजे डाव्या हाताने जेवण्यासारखं वाटत होतं. पण डावा डोळा नळीवर टेकला आणि नळीच्या टोकावरची मक्खी म्हणजे नेमाचा छोटा मणी, कोळशाचं वर्तुळ, सगळं एका ओळीत आलं. कापडावर भिंग ठेवावं तसं. एकही टिकली दोन दिसली नाही. बार काढला आणि वर्तुळाची चाळण झाली.

उरलेल्या आठ दिवसांत मामा रोज सकाळी महूहून यायचे, आणि माझ्याकडून रिकामी बंदूक शंभर वेळा डाव्या खांद्याला लावून घ्यायचे. सुभेदारसाहेबांसमोर तीनपैकी तीन बार डब्याला लागले. त्यांनी डबा उचलून पाहिला, माझ्या डाव्या खांद्यावरच्या बंदुकीकडे बोट केलं आणि मामांना विचारलं, "ये खब्बू है, बताया नहीं तुमने?" मामा म्हणाले, "साहब, एनसीसी का है." आणि अजिबात हसले नाहीत. त्याच दुपारी मला कारखान्याच्या कचेरीत बोलावून वर्दीचं माप घेतलं गेलं. ते मात्र मी कुठलंही बोट न सरकवता दिलं.

घरी येऊन बायकोला सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती मुलीच्या फ्रॉकला गुंडी लावत होती. सुईत दोरा ओवायला तिने माझ्याकडे दिला, कारण ते काम घरात माझंच. मी ओवून परत दिला तेव्हा ती म्हणाली, "अहो, तुम्ही सुई नेहमी डाव्याच डोळ्याशी धरता. मला विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

मी तिथेच पलंगावर आडवा झालो, उन्हं अजून खिडकीत होती, आणि मिल बंद झाल्यापासून पहिल्यांदा गाढ झोपलो.