आईचा आवाज आहे तोवर

माझी आई धवलारीण. म्हणजे आमच्या आगरी लग्नांत मांडवात बसून धवले गाणारी बाई. नवरीला हळद लागते तेव्हाचा धवला वेगळा, ती घर सोडते तेव्हाचा वेगळा, आणि प्रत्येकात नवरीचं नाव घ्यायचं. नावडे आणि आजूबाजूच्या गावांतल्या किती पोरींची नावं आईने गायली, तिलाही सांगता येणार नाही. माझं राहिलं होतं. मी सदतीस वर्षांची झाले तरी लग्न जमलं नव्हतं. त्यावरून आत्या बोलल्या, शेजारणी बोलल्या, आई कधीच नाही. मीही मनाला लावून घेत नव्हते. तळोज्याला नोकरी, कॉलनीत दोन खोल्या, बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. बरं चाललं होतं.

मग आईचा घसा बसला. सकाळी जरा बरा असायचा, दुपारनंतर नुसता खरखराट. वाशीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि स्वरतंतूवर गाठ आहे म्हणाले. साधी होती, पण काढावीच लागणार होती. दीड महिन्यानंतरची तारीख दिली. "बोलता येईल," ते म्हणाले, "गाता येईल की नाही, ते मी आत्ता सांगू शकत नाही." तोवर बोलणं कमी ठेवा, ओरडू तर अजिबात नका, असंही बजावलं.

घरी येताना बसमध्ये मी आईला म्हटलं, "उद्यापासून रोज सकाळी मोबाईलवर थोडे थोडे धवले रेकॉर्ड करू. एकात माझं नाव घाल."

तिने मान हलवली. "लगनाबिगर धवला म्हनत नाय."

"माझ्यासाठी पण नाही?"

"तुज्यासाटी तर नायच."

तिच्या सासूने शिकवताना घातलेली अट होती ती. मला इतका राग आला की स्टॉप यायच्या आत मी ठरवून टाकलं, ठीक आहे, मग लग्नच करते. दीड महिन्यात. डोकं फिरलं होतं, दुसरं काय! पण आईच्या तोंडून एकदा माझं नाव ऐकायचं होतं, तसं, मांडवातलं. त्यापुढे मला काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत लग्नाचं ॲप मोबाईलवर घेतलं. पहिला भेटला वाशीच्या मॉलमध्ये. भेटल्या भेटल्या त्याने मला एका दुकानाच्या आरशासमोर शेजारी उभं केलं, आमच्या उंच्या पाहिल्या आणि म्हणाला, "आता चप्पल काढून." मी काढली. का काढली, देव जाणे. दुकानातली मुलगी बघत होती, मी अनवाणी उभी आणि हा टाचा उचलून बघतोय.

दुसरा खारघरच्या बागेत भेटला. त्याच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ होतं. चालता चालता बोलू म्हणाला आणि असा सुटला की माझ्या सँडलचा पट्टाच तुटला. मी बाकावर बसले, तर म्हणतो, "तुम्ही बसा, माझी अजून चार हजार राहिलीत." बागेला फेरी मारून तो दोनदा माझ्यासमोरून गेला. दोन्ही वेळा हात केला. तिसऱ्या फेरीच्या आत मी रिक्षा पकडली.

संध्याकाळी मासळी साफ करताना मी हे सगळं आईला नकला करून सांगायचे. तिला हसायला आवाज नव्हता. पदर तोंडाला लावून नुसते खांदे हलायचे, डोळ्यांतून पाणी यायचं. ती हसली की मलाही जे घडलं ते तितकं वाईट वाटायचं नाही.

तिसरा खारघरलाच, स्टेशनजवळच्या हॉटेलात भेटला. सरकारी नोकरी, नीटनेटका, आवाज हळू. मी सरळ विचारलं, लग्न पंधरा दिवसांत करायचंय, जमेल? "चालेल." हॉल नको, दारात मांडव? "चालेल." माझी आई आपल्याकडे राहील. "चालेल." शेवटी वैतागून विचारलं, "मी तुम्हाला आवडले का?" त्याने थोडा विचार केला. "चालेल," म्हणाला. त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. आणि मी त्याला हो म्हटलं.

घरी येऊन तीही नक्कल केली. आई कोळंबी सोलत होती. ती हसली नाही. हात धुतले, पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"तो तुना पसंत हाय?"

"चालेल," मी म्हटलं.

मी मान खाली घातली. मग तिने फोन मागितला. मला वाटलं, त्याच्याशी ओळख करून घेणार असेल, म्हणून नंबर लावून दिला. तर आई मांडवात बसते तशी ताठ बसली आणि मोठ्या, स्वच्छ आवाजात बोलायला लागली. महिनाभरात मी तो आवाज ऐकला नव्हता. कुठून काढला कोण जाणे.

"बाबा, तू चांगलाच असशील. पन माजी पोर तुज्याशी लगीन करनार नाय. तिचा मन नाय. ती माज्या गल्यासाटी करते."

मी फोन ओढायला गेले, तिने हात झटकला. पलीकडून त्याचा आवाज ऐकू आला, "काकू, तुमच्या घशाला काय झालंय?" तो पहिल्यांदाच काही विचारत होता.

"काय नाय," आई म्हणाली. "गानारी हाय मी."

फोन ठेवता ठेवता तिचा आवाज चिरकला, आणि नंतर उमटलाच नाही. ऑपरेशनच्या दिवसापर्यंत ती कागदावर लिहून सांगायची. डॉक्टर तिला खूप रागावले. ती खाली बघून ऐकत राहिली.

आता ती बोलते. गात नाही. आमच्याकडच्या हळदींना दुसरी बाई येते, चांगली गाते. मी अजून एकटीच आहे, आणि एवढ्या पोरींना मांडवातून वाटेला लावणारा तो गळा शेवटचा खर्ची पडला तो माझं लग्न मोडायला. आज मला ते कळतं. त्या संध्याकाळी कळलं नाही. आधी तुझी ती अट आणि आता लग्नही मोडलंस, असं म्हणून मी आतल्या खोलीचं दार लावून घेतलं आणि तीन दिवस तिच्याशी अबोला धरला. ती ताट वाढून दाराशी ठेवायची, दारावर दोन बोटं वाजवायची आणि निघून जायची. तिला बोलता येत नव्हतं. मला येत होतं, आणि मी बोलले नाही.