दादाची चार सिलेंडरची गाडी

स्पोर्ट्स कार म्हटल्यावर तुमच्या डोक्यात आत्ता काय आलं ते मला माहितीये. लाल रंगाची, छत नसलेली, दोन सीटची. ड्रायव्हरच्या गळ्यात मफलर, दोन्ही बाजूंना ट्युलिपची शेतं आणि मागे एक पवनचक्की. नेदरलँड्सची गोष्ट म्हटल्यावर पवनचक्की लागतेच. तर सांगतो. गाडी लाल नव्हती, तिला रंगच लागला नव्हता. ट्युलिप यायच्या आत ती आमच्याकडून गेली. आणि ती एकूण वीस-पंचवीस पावलं चालली, तीपण ट्रेलरवर चढवायला आम्ही ढकलली म्हणून. मी बार्शीच्या शाळेत गॅदरिंगला हेडसरांचा आवाज काढून बक्षीस घेतलेला माणूस, त्यामुळे मी तोंड उघडलं की लोक हसायच्या तयारीत बसतात. हसायचं असेल तर इथेच हसून घ्या.

ॲमस्टरडॅमजवळच्या उइटहॉर्नला मी एका मराठी कुटुंबाच्या घरात माळ्यावरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. दादा, वहिनी आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी. दादा माझ्याच ऑफिसात, माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठा. लॉकडाऊन लागल्यावर आम्ही दोघं एकाच डायनिंग टेबलाच्या दोन टोकांना बसून एकाच मीटिंगमध्ये असायचो. संध्याकाळी जेवताना माझा कार्यक्रम. आधी हाउसआर्ट्सच्या, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरच्या फोनवरची बाई. पाय मोडला तरी पॅरासिटामॉल, घराला आग लागली तरी पॅरासिटामॉल. मग सुपरमार्केटच्या दारात सॅनिटायझर घेऊन उभा असलेला पोरगा. आणि शेवटी दादा. दादा प्रत्येक वाक्याआधी दोनदा घसा साफ करायचा आणि वाक्य संपलं की "काय म्हणतो मी" लावायचा. मी सुरू झालो की वहिनी हातातला डाव खाली ठेवून हसायच्या. दादा म्हणायचा, "बंद कर रे, मला वाटतं मीच दोन ठिकाणी बसलोय."

गाडी इंग्लंडहून खोक्यांमधून आली. जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स कारची हुबेहूब नक्कल, सगळी सुट्या भागांत. चासी वेगळी, फायबरची बॉडी वेगळी, नटबोल्टच्या पिशव्यांवर नंबर. म्हणजे गाडीपण माझ्याच धंद्यातली. खऱ्या गाडीला सहा सिलेंडरचं इंजिन असतं. आमच्या किटमध्ये चारचं बसायचं. ते हार्लेमजवळच्या एका भंगारवाल्याकडच्या जुन्या गाडीतून काढून आणलेलं. त्यातलं मला एवढंच कळलं होतं की ते जड आहे. घरांच्या मागे भाड्याच्या गॅरेजची रांग होती, त्यातल्या एकात हा संसार मांडला होता.

हे सगळं कशासाठी, तर आप्पांसाठी. आप्पा म्हणजे दादाचे वडील. कराडला हायवेवर त्यांचं गॅरेज होतं. दादा आठ वर्षांचा असताना एका साखर कारखान्याच्या साहेबांची अशी खरी गाडी त्यांच्याकडे दुरुस्तीला आली. पार्ट मिळत नव्हते. आप्पांनी ते लेथवर कातून तीन महिन्यांत गाडी उभी केली आणि परत देण्याआधी पोराला शेजारी बसवून उंब्रजपर्यंत नेऊन आणली. आता आप्पा अठ्ठ्याहत्तरचे. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. "दिसत नाही, पण ऐकू येतं ना," दादा म्हणायचा. "एकदा लावायची आणि त्यांना ऐकवायची. मग इथल्या आरटीओत पास नाही झाली तरी चालेल. काय म्हणतो मी."

दर शनिवारी दुपारी दोनला आप्पांचा फोन. तिकडे साडेसहा वाजलेले. व्हिडिओचा उपयोग नव्हता, म्हणून साधाच. दादा फोन चासीवर ठेवायचा आणि पान्यानं एकेका जोडावर वाजवायचा.

"वाजीव."

टण्.

"पुन्ना वाजीव. हां. त्यो वेल्ड बरा हाय. फुडचा."

टण्.

"ह्यो बघून घे. भिताडावर वाजवल्यागत येतोय."

दादा खाली वाकून बघायचा आणि तिथे खरंच काहीतरी असायचं. मी बॅटरी धरून उभा. एकदा मला हसू आवरेना.

"आन् ह्यो कोन मधी खिदळतोय?"

"मी बॅटरी धरतोय, आजोबा."

"बॅटरी धर की मग. दात कशाला दाखवतोस? मला दिसत न्हाईत."

जानेवारीत दादाला ताप आला. हाउसआर्ट्सच्या बाईनं काय सांगितलं ते सांगत नाही, मी तिची नक्कल करायचं तेव्हापासून सोडलंय. सहाव्या दिवशी दादाला जिना चढता येईना. ॲम्ब्युलन्स आली. मास्क लावून बाहेर नेताना त्यानं मला हातानं काहीतरी फिरवून दाखवलं. मला वाटलं पाणी हवंय. नंतर लक्षात आलं, गॅरेजला कुलूप लाव म्हणत होता. फोन किचनमध्ये चार्जिंगलाच राहिला. दोन दिवसांनी आयसीयू, नळी, झोपेचं औषध.

शनिवारी दोन वाजता तो फोन वाजला.

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे. "तू बोल ना."

"काय बोलू?"

"त्यांच्या आवाजात."

मला वाटलं डोकं फिरलंय हिचं. "वहिनी, आजारी आहे एवढं तरी सांगू या."

"आप्पांना दोन स्टेंट आहेत. घरात कोणी नाही, स्वयंपाकाच्या मावशी सकाळी येऊन जातात. ऐकून खाली पडले तर उचलणार कोण? आठवड्याचा प्रश्न आहे रे. हे घरी आले की स्वतःच सांगतील." फोन थांबला आणि परत वाजायला लागला. "रोज करतोस ना? आज जरा कामासाठी कर."

मी दोनदा घसा साफ केला. "हां आप्पा."

"घसा का रं बसलाय?"

"थंडी आहे हो. काय म्हणतो मी."

जिन्यावर धडधड झाली. मुलगी धावत खाली आली, एका पायात मोजा. "पप्पा?" किचनच्या दारात थांबली. मला बघितलं, माझ्या कानाला लावलेला फोन बघितला. डचमध्ये अगदी हळू म्हणाली, तू ते करायचं नाही. आणि वर गेली. त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्या ताटाशेजारी बसली नाही. मी पुढचे फोन गॅरेजमधून घेतले.

आणि गॅरेजमध्ये आप्पांना नुसता आवाज पुरत नव्हता. त्यांना काम ऐकायचं होतं. "ब्रेकच्या नळ्या झाल्या का? आवळ की, मी हाय." मग मी खरंच आवळायला लागलो. ज्याला सायकलचं पंक्चर काढता येत नाही, तो माणूस फोन खांद्यात धरून, दुसऱ्याच्या आवाजात "हां आप्पा, हां आप्पा" करत स्पोर्ट्स कार जोडतोय. तिकडे घरात वहिनी हॉस्पिटलच्या फोनची वाट बघतायत. आठवड्यात मॅन्युअल वाचायचो, शनिवारी परीक्षा. टॉर्क पान्याचा कट् आवाज आला की आप्पा मोजायचे. एकदा म्हणाले, "हात हलका लागतोय तुझा आज."

"थकलोय जरा आप्पा."

"जेव मग नीट."

तिसऱ्या शनिवारच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलमधल्या नर्सचा फोन आला. पेशंट झोपेतच आहे, सुधारणा नाही, पण टॅबलेट कानाशी धरू, घरच्यांनी बोला. वहिनी बोलल्या. मुलगी शाळेतलं काहीतरी वाचून दाखवत होती. मग वहिनी बाहेर येऊन मला म्हणाल्या, "आप्पांना जोडून देऊ का? नर्स म्हणते उद्या परत धरते."

मी काय म्हणालो ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणालो, "वहिनी, आत्ता सांगितलं तर मी दोन आठवडे कोण होतो तेपण सांगावं लागेल. पुढच्या आठवड्यात बघू. तोवर जरा बरा होईल तो." वहिनी दोन रात्री झोपलेल्या नव्हत्या. त्या बरं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दोनला आप्पांनी विचारलं, वायरिंग कुठवर आलंय? वायरिंगच्या खोक्याला मी हातसुद्धा लावला नव्हता. पण त्या दिवशी मला कसलंतरी बरं सांगायचं होतं. "झालं आप्पा. सगळं झालं."

आप्पा जवळजवळ ओरडलेच, "आरं मग लाव की! फुडच्या शनवारी लाव. मी नवा शर्ट घालून बसतो."

दादा गुरुवारी सकाळी गेला.

आमच्याकडे अशी बातमी फोनवर देत नाहीत. कुणीतरी जातं, शेजारी बसतं, पाणी देतं, मग सांगतं. वहिनींचा भाऊ पुण्याहून कराडला जाणार होता. पण आप्पांचं वय बघून त्यानं आधी स्वतःची कोविड टेस्ट केली आणि रिपोर्ट शनिवारी संध्याकाळी मिळणार होता. म्हणजे तो पोचणार रविवारी सकाळी. मध्ये तो शनिवार. फोन उचललाच नाही तर आप्पांना कळेल आणि ते एकटे असतील. वहिनी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "एवढा एकच दिवस. मग कधीच नको."

मी लॅपटॉप आणि मोठा स्पीकर घेऊन गॅरेजमध्ये गेलो. गाडीचं मूळ नाव टाकून शोधलं, सगळ्यात स्वच्छ रेकॉर्डिंग निवडलं. कोणीतरी शेडमध्ये उभी करून सुरू केलेली खरी गाडी. दोनला फोन आला.

"लावतोय आप्पा."

प्ले केलं. सेल्फ फिरला, इंजिन पकडलं, आणि त्या पत्र्याच्या खोलीत असा काही आवाज घुमला की मलाच क्षणभर खरं वाटलं. समोर गाडी गप्प उभी होती, बॉनेट उघडं. मी दीड मिनिटानं बंद केलं.



"आप्पा? आलं का ऐकू?"

"पुन्ना लाव."

परत लावलं. या वेळी त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "लई गोड वाजतंय." आणि थोड्या वेळानं, "सूनबाई जेवली का?"

"हो."

"बरं." फोन ठेवला. मी वहिनींना जाऊन सांगितलं, खूश झाले.

रविवारी वहिनींचा भाऊ पोचला तेव्हा दार उघडंच होतं. आप्पा अंघोळ करून खुर्चीत बसले होते, कालचा नवा शर्ट परत अंगात. तो पाणी आणायला वळला तर म्हणाले, "राहू दे. कधी गेला तेवढं सांग."

पंधरा दिवसांनी शनिवारी दोनला माझा फोन वाजला. दादाचा नाही, माझा. मी माळ्यावर होतो. घसा साफ करणार होतो, इतकी सवय झाली होती.

"बॅटरीवाला का?"

"हो आप्पा."

"चुलीत गेला तुझा आप्पा. ऐक. त्या गाडीत चारचं इंजिन हाय. चारचं. मीच घ्यायला लावलं त्याला. सहाचं मागत बसला असता तर म्हातारा झाला असता. चारचं कसं वाजतं ते तुला ठावं न्हाई, मला ठावं हाय. तू मला सहा वाजवून दाखवलंस. दोनदा."

मी खोलीचं दार लावून घेतलं.

"आवाज तुझा बरोबर व्हता. बापाला फसवलंस तू, तेवढं यश घे. हात हलका लागला तवा वाटलं, दमला आसंल पोरगा. पर इंजिन ऐकलं आन् कळलं. माझ्या पोरानं मला सहा ऐकवलं नसतं. म्हंजी पोरगाच न्हाई तिथं. कुणी शेजारी न्हाई, कुणी पाणी द्यायला न्हाई. तुमी जे चुकवायला बसला व्हता, तेच झालं की रं. एकट्याला कळलं. स्पीकरवरनं."

"आजोबा, वहिनींना वाटलं तुमचं हार्ट..."

"तिला मधी घालू नगंस. तिचा नवरा मरत व्हता. तुझं काय मरत व्हतं? सांगितलंय तिनं मला, ती नर्सबाई फोन धरते म्हणाली व्हती त्ये. मी चार शब्द बोललो असतो. ऐकू आलं असतं, नसतं, माझं मी बघितलं असतं. त्या शनवारी मी कुणाशी बोललो? तुझ्याशी. वायरिंग कुठवर आलं, ते इचारत बसलो."

खाली वहिनी कुकर लावत होत्या, त्याची शिट्टी झाली. ती तिकडे ऐकू गेली असावी, कारण आप्पा थांबले. मी रडत होतो आणि माझा प्रयत्न चालला होता की आवाज येऊ नये.

"रडू नगंस, मला सगळं ऐकू येतं. ब्रेकच्या नळ्या तू आवळल्यास न्हवं? वायसर टाकलास का खाली?"

"माहीत नाही."

"म्हंजी न्हाई टाकलास. ती गाडी कुणाला दिली तर आधी सांग त्याला, ब्रेक एका गाढवानं बसवलेत, सगळे खोलून बघ. कुणाचं तरी पोरगं बसंल त्यात." एक मोठा श्वास. "आन् दुसरं. माझ्या पोराचा आवाज पुन्ना काढायचा न्हाई. कुणापुढं न्हाई. नातीपुढं तर न्हाईच. कळलं?"

"कळलं आप्पा."

"आरं, आप्पा त्यो म्हणायचा! तू आजोबा म्हण. किती येळा सांगू?"